आप्पांची सीट माझ्या गाडीला

एका कंपनीची सीट दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसत नाही, असं मला इतक्या जणांनी सांगितलंय की समोरच्याने तोंड उघडलं तरी पुढचं वाक्य मला पाठ असतं. शोरूमवाल्याने सांगितलं, गल्लीतल्या पोरांनी सांगितलं, कामावरच्या सुपरवायझरने सांगितलं, सख्ख्या भावाने तर खास फोन करून सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बसवली. कोपरखैरणेत आमच्या गल्लीत कधीही या, गाडी दारातच उभी असते. स्वतः बसून बघा.

कंपन्यांची नावं मी घेणार नाही. नाव घेतलं की दोन्हीकडचे भक्त भांडायला येतात, आणि मला तुर्भ्याला ड्युटीवर वेळेत पोचायचं असतं. एवढंच सांगते की गाडी माझी होती आणि सीट आप्पांची.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि जन्मभर माथाडीचं काम केलं, म्हणजे ट्रकमधल्या गोणी पाठीवर वाहिल्या. कांदा-बटाटा. मार्केट खाडीच्या अलीकडे, नवी मुंबईत आलं तसे तेही इकडे आले, आणि मी इथेच एका बैठ्या घरात वाढले. लहानपणी आप्पांच्या अंगाला येणारा बटाट्याच्या मातीचा वास मला कुठल्याही अत्तरापेक्षा ओळखीचा होता. अजून आहे.

त्यांच्या टोळीत एक पद्धत आहे. सकाळी पहिल्या ट्रकचा फाळका, म्हणजे मागची फळी, खाली पडला की हमाल त्याला पाठ लावून उभा राहतो, वरचा माणूस त्याच्या पाठीवर गोण देतो आणि मोजणी सुरू होते. पण पहिल्या गोणीला कोणी ‘एक’ म्हणत नाही. पहिली गोण म्हणजे ‘लाभ’, मग दोन, तीन, चार. गावाकडे खळ्यावर धान्य मापताना म्हणायचे, तेच इकडे आलं. आणि हा ‘लाभ’ उठसूट कोणीही म्हणायचा नाही. ज्याचा पायगुण चांगला मानतात त्यानेच म्हणायचा. आमच्या टोळीत तो मान आप्पांचा. ते रिटायर झाले तरी टोळीने तो मान काढून घेतला नाही. रोज सकाळी टोळीतल्याच एकाच्या मागे बसून आप्पा मार्केटला जायचे, चहा प्यायचे, पहिल्या ट्रकला ‘लाभ’ म्हणायचे, मग दुपारपर्यंत तिथेच बसून सगळ्यांना शिव्या द्यायचे आणि घरी यायचे.

मग पाठ गेली. ऑपरेशन झालं, मणक्यात लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू घातले. दुखणं बरंचसं थांबलं, पण आप्पा कमरेत वाकायचे बंद झाले. रिक्षात शिरायचं तर वाकावं लागतं, ते जमेना. बसची पायरी चढायला पाय तेवढा उचलेना. मोटरसायकलवर टांग टाकणं तर विसराच. डॉक्टर म्हणाले, ताठ बसा, हळू जा, खड्डे टाळा. खड्डे टाळा म्हणे. ह्या माणसाला कोणीतरी एकदा तुर्भ्याच्या आतल्या रस्त्यांवरून फिरवून आणा.

घरात आप्पा एकाच जागी सुखाने बसायचे. त्यांची स्वतःची मोटरसायकल होती, ऐन उमेदीत घेतलेली. इंजिन गेलं तेव्हा गाडी भंगारात दिली, पण सीट ठेवून घेतली. लांब, रुंद, सपाट, खाली जाड लोखंडी पत्रा. ती दारात उंच रचलेल्या विटांवर मांडली होती. सोफ्यावर बसले की त्यांना कळ यायची, ह्या सीटवर यायची नाही. तिथे बसून ते गल्लीतून जाणाऱ्या गाड्या मोजायचे. पहिल्या गाडीला म्हणायचे, ‘एक’. ‘लाभ’ नाही, ‘एक’.

आता दादाचं सांगते. माझा मोठा भाऊ, पनवेलच्या पुढे टॉवरमध्ये राहतो. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठलीही गोष्ट एकदाची सेट करून टाकायची घाई. त्याने ठरवलं की आप्पांना गावाला ठेवायचं. हवा चांगली, शांतता, नो टेन्शन. गावाला काय आहे ते मला चांगलं माहितेय. एक चुलती आहे, तिला डोळ्यांनी दिसत नाही, आणि आजूबाजूला सगळ्या घरांना कुलपं. आप्पांना विचारलं तर भिंतीकडे बघत म्हणाले, ‘तुमी म्हणाल तसं.’ ह्या माणसाने उभ्या आयुष्यात मुकादमालासुद्धा असं उत्तर दिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, आप्पा गावाला जाणार नाहीत. मार्केटला जाणार.

दादा म्हणाला, नेणार कशी? उचलून?

मोटरसायकलवर, म्हटलं.

माझी गाडी होतीच. सासर सोडून परत आले तेव्हापासून मी मोटरसायकल चालवते. स्कूटी का नाही, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. गाडी सेकंडहँड, आधीचा मालक कोणी शौकीन पोरगा असणार. पुढची सीट वेगळी, मागची वेगळी, आणि मागची म्हणजे चिमणीला बसायला केलेली, उंच आणि उतरती. तिच्यावर धडधाकट माणूस सुद्धा जीव मुठीत धरून बसायचा. पण मी रोज दारात विटांवरची सीट बघत होते. आप्पांना तीच सोसते ना? मग तीच गाडीवर घ्यायची. आणि टांग टाकता येत नाही ना? मग टाकायचीच कशाला? निम्मा महाराष्ट्र साड्या नेसून एका बाजूला बसून फिरला.

हे मी आप्पांना सांगितलं आणि ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पुरुषमाणसाने, तेही माथाडीने, पोरीच्या मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं! मला वाटलं संपलं. संध्याकाळी कामावरून आले तर आप्पा दारात उभे. सीटकडे पाठ केली, टाचा लावल्या आणि न वाकता मागच्या मागे टेकले. उठले. परत पाठ लावली, परत टेकले. फाळक्याला पाठ लावायचे अगदी तसेच. मी गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबून राहिले, त्यांचं झाल्यावर आले. मला उत्तर मिळालं होतं.

गॅरेज तुर्भ्यातलं. फिटर जालन्याकडचा, कामाला पक्का पण तोंडाने फटकळ. म्हणाला, ताई, ह्या कंपनीची त्या कंपनीला बसत नाय, टाइम खोटी करू नका. मी म्हटलं ठीक आहे, आणि त्याच्याच स्टुलावर सीट मांडीवर घेऊन बसले. साप्ताहिक सुट्टी होती, घाई त्याला असेल, मला नव्हती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, ही कशाला बसलीय? शेवटी जेवणाच्या आधी त्याने हात पुसले आणि सीट माझ्या मांडीवरून ओढून घेतली.

मग त्याने मला नीट दाखवलं. सीटच्या पुढे एक जीभ असते, ती टाकीखालच्या खाचेत शिरते. आप्पांच्या सीटची जीभ रुंद, माझ्या गाडीची खाच अरुंद. मागे बोल्टची भोकं, ती भलतीकडेच. आणि मुख्य म्हणजे माझ्या गाडीची चेसी मागे वर चढत गेलेली, तिच्यावर सपाट सीट ठेवली की तिचं शेपूट हवेत. मी म्हटलं, मग? म्हणाला, मग पट्ट्या टाकायच्या, दुसरं काय. त्याने जीभ कानशीने घासली, मागचं प्लास्टिकचं शेपूट काढून टाकलं, चेसीवर ब्रॅकेट वेल्ड करून नवी सपाटी तयार केली, आणि मधे रबरी वायसर देऊन सीट आवळली. मी दोन्ही हातांनी हलवून बघितली. गाडी हलली, सीट हलली नाही.

मग मी त्याला डाव्या बाजूला साडी गार्ड आणि पाय ठेवायला आडवी पट्टी लावायला सांगितली. तो माझ्या पँटकडे बघत म्हणाला, साडी गार्ड कोणासाठी? वडिलांसाठी, म्हटलं. तो हसला. मी हसले नाही. मग त्याने निमूट लावला.

गाडी दिसत काय होती म्हणून सांगू! पुढून चित्ता आणि मागून खाट. गल्लीतल्या पोरांनी नुसता दंगा केला, दीदी ये क्या बनाया म्हणून फोटो काढले. मी हेल्मेट घातलेलंच होतं, काढलं नाही. मला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं. ती गाडी माझ्या मर्जीने घेतलेली पहिली वस्तू होती आणि ती आता चांगली दिसत नव्हती. पण चांगलं दिसायला मी ती घेतली नव्हती, असं मी स्वतःला दटावलं.

घोडचूक मी पुढे केली. सीटचं जुनं कव्हर विटलं होतं, म्हणून मी हौसेने नवं रेक्झिन चढवून घेतलं. काळं कुळकुळीत, चकचकीत. आप्पा मानाने बसले पाहिजेत ना! सकाळी त्यांना हेल्मेट घातलं, ते पाठ लावून टेकले, मी गाडी काढली. गल्ली ओलांडली, मोठ्या रस्त्याला लागलो. सिग्नलपाशी एक रिक्षा आडवी आली, मी ब्रेक मारला. गाडी थांबली, आप्पा थांबले नाहीत. त्या चकचकीत रेक्झिनवरून ते सरळ खाली गेले. नशीब, पायांवर उतरले, पण तोल गेला आणि गुडघ्यावर आले. माझा शर्ट त्यांच्या मुठीत होता, तो खांद्यापासून फाटला.

माणसं जमली. मदतीला दोघं आले, मोबाइल काढून बाकीचे. एक बाई म्हणाली, वडिलांना असं नेतात का, लाज नाही वाटत? मला त्या बाईचा इतका राग आला की मी तिला ओळखत असते तर आयुष्यभर बोलले नसते. आप्पांचा गुडघा खरचटला होता, पाठ शाबूत होती. आम्ही गाडी ढकलत पायी घरी आलो.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ फिरत फिरत दादापर्यंत पोचला. त्याने मला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. त्याच्या ओरडण्यात भीतीही होती, ते मला तेव्हाही कळत होतं. शेवटी म्हणाला, गुरुवारी रजा टाकून येतोय, मोठी गाडी केलीय, मागे गादी टाकून आप्पांना आडवं झोपवून गावाला नेतो, तू मधे पडू नकोस. आडवं झोपवून. जन्मभर ज्याने माल पाठीवरून नेला त्यालाच आता माल करून नेणार. फोन ठेवला आणि मी रडले. दुःखाने नाही, रागाने रडले, नाक वाहेपर्यंत.

आप्पा दारातून बघत होते. सीट गाडीवर गेली होती, म्हणून भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, ‘रेक्झिन कशाला चढवलंस? प्लास्टिकची गोण पाठीवर ऱ्हाती व्हय?’

आणि मी कपाळावर हात मारला. गोणी वाहणाऱ्याची पोरगी मी! प्लास्टिकच्या गोणी मार्केटात आल्या तेव्हा आप्पा रोज घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. पाठीवरून सटकतात, म्हणून टोळीतले सगळे पाठीवर आधी गोणपाट टाकायचे आणि मग गोण घ्यायचे. ते गोणपाट धुऊन वाळत घालणं लहानपणी माझंच काम होतं. आणि मी त्या माणसाला रेक्झिनवर बसवलं.

आप्पांनी मला माळ्यावरून त्यांचं गोणपाट काढायला लावलं. मग दाभण आणि सुतळी मागितली. सीट खोलून मी उंच स्टुलावर ठेवली आणि घट्ट धरली, म्हणजे त्यांना वाकायला नको. गोणीचं तोंड शिवतात तसं त्यांनी शिवलं, लांब लांब टाके, प्रत्येक टाक्याला सुतळी आवळून. बोटं विसरली नव्हती. शिवता शिवता कडेला दोन कान काढले. गोणीच्या कोपऱ्याला मूठभर माल बांधून कान काढतात, धरायला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, ‘तुझा शर्ट किती येळा फाडायचा?’ ऑपरेशननंतर पहिल्यांदा हा माणूस माझी टिंगल करत होता. मला परत रडू आलं, पण ह्या खेपेला मी ते दाखवलं नाही.

बुधवारी आम्ही गल्लीतच फेऱ्या मारल्या. मी मुद्दाम करकचून ब्रेक मारायचे, आप्पा दोन्ही हातांनी कान धरून बसायचे. एकदाही सरकले नाहीत. पोरं परत फोटो काढत होती. आप्पांनी त्यातल्या एकाला विचारलं, बसतोस का मागं? पोरगं पळालं.

गुरुवारी दादा उजाडताच आला. मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, मागे खरंच गादी होती. आप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी घालून तयार. दादाला वाटलं, गावाला जायला. मग त्याने दारातली गाडी बघितली, गोणपाट बघितलं, साडी गार्ड बघितला, आणि त्याचा पारा चढला. पण ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की अख्ख्या मार्केटने ज्याला मान दिला त्याला तू बायकांसारखं बसवून त्याच मार्केटात नेणार? लोक हसतील. आणि ही सीट ह्या गाडीची नाहीच मुळी. जी वस्तू जिथली नाही ती तिथे टिकत नाही, आज ना उद्या निखळणार.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आप्पांनी हात वर केला. त्यांचे कान अजून तीक्ष्ण आहेत.

‘माझ्या पाठीत कुठल्या कंपनीचं लोखंड हाय, इचारलंस का कधी?’ ते दादाला म्हणाले. ‘आईच्या पोटातनं घिऊन आलो न्हवतो. बसलं ना?’

आप्पांनी हेल्मेट मागितलं. टोपी काढून खिशात ठेवली, गाडीला पाठ लावली, टेकले, दोन्ही कान धरले. मला म्हणाले, चल. दादाकडे बघितलं पण नाही. मी किक मारली.

मी हळू चालवली. खड्डा दिसला की वळसा घालायचे, मागून हॉर्न वाजायचे, वाजू दे. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. हेल्मेट घातलेला, ताठ बसलेला, एका बाजूला पाय सोडलेला म्हातारा आणि पुढे मी. एकाने हसून दुसऱ्याला दाखवलं. आरशात मला आप्पांचा चेहरा दिसत होता. ते त्या माणसाकडे टक लावून बघत राहिले, शेवटी त्यानेच मान वळवली. आणखी एक गोष्ट आरशात दिसत होती. दादाची मोठी गाडी आमच्या मागोमाग येत होती, तितकीच हळू.

टोळीला मी कळवलं नव्हतं. मार्केटच्या गेटातून आत शिरलो तेव्हा पहिला ट्रक नुकताच लागत होता. टोळीतल्यांनी आम्हाला बघितलं आणि सगळे थबकले. आप्पांनी हेल्मेट काढून टोपी घातली. गाडीवरून उतरायचं म्हणजे फक्त पाय टेकून उभं राहायचं होतं, ते उभे राहिले. मुकादम पुढे आला. त्याने आधी आप्पांकडे, मग गोणपाटाकडे, मग साडी गार्डकडे बघितलं. मी मनात म्हटलं, हस. हसून तर बघ.

तो हसला नाही. सीटचा कान हातात घेऊन ओढून बघितला आणि म्हणाला, ‘टाका तुमचाच हाय, आप्पा.’

मग फाळका पडला. एक जवान गडी त्याला पाठ लावून उभा राहिला, वरच्याने गोण पुढे सरकवली आणि तशीच धरून ठेवली. मुकादमाने मला सांगितलं ते मी विसरणार नाही. आप्पा येईनासे झाले तेव्हापासून टोळीत पहिल्या गोणीला कोणी काहीच म्हणत नव्हतं. पहिली गोण मुकाट्याने खाली घ्यायची, आणि मोजणी दोनपासून सुरू करायची. कोणी ठरवलं नव्हतं. कोणाची जीभच रेटली नव्हती.

दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानेही ते ऐकलं.

आप्पा ट्रकपाशी गेले. गोण त्या गड्याच्या पाठीवर आली आणि आप्पांनी हाळी दिली, ‘लाभ!’ आवाज फाटला, पण गाळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. पुढच्या गोणीला अख्खी टोळी एकदम म्हणाली, दोन.

मग दादा म्हणाला, दुपारी मी घेऊन जाऊ का त्यांना घरी? गादी आहेच मागे. मी म्हटलं, त्यांनाच विचार. त्याने जाऊन विचारलं. आप्पांनी मोजणी थांबवली नाही, फक्त त्याच्या डोक्यावरून पलीकडे माझ्याकडे बघितलं आणि दोन आकड्यांच्या मधे म्हणाले, ‘दुपारी गाडी घिऊन ये गं.’